कणकेच्या अकरा गोळ्या

म्हसवडला सिद्धनाथाच्या रथाला निघताना लालासाहेबांनी बायकोला तीनदा बजावलं होतं. "चिमूटभर. दिवसातनं एकदाच. जास्त घालू नगंस."

"आवं, दोन पोरं वाढवली मी," संयोगिता म्हणाली. "नऊ मासं न्हाई व्हायचं माझ्यानं?"

माधवनगरच्या घरात सोफ्याच्या जागी खाऱ्या पाण्याची टाकी आली, त्याला दीड वर्ष झालं होतं. कडेगावच्या उसात वाढलेला हा माणूस फौजेतली शेवटची तीन वर्षं अंदमानात काढून आला, तो समुद्र डोक्यात घेऊनच. मोजून मीठ कालवायचं, पाणी तपासायचं आणि टाकीसमोर बसायचं. आत क्रोमिस नावाचे हिरवट निळे, नखाएवढे मासे. एक वळला की नऊ वळायचे. "बघ पलटणीची शिस्त," म्हणून ते कौतुक करायचे. संयोगिताशी दिवसभरात चार वाक्यं, त्यातली दोन जेवणाची. तिला त्या माशांचा हेवा वाटायचा.

ते गेले त्या संध्याकाळी तिनं माशांच्या खाण्याची चिमूट टाकली. ती संपली तरी नऊच्या नऊ काचेशी तोंडं उघडमीट करत राहिले. तिच्या दारातून कुत्रंसुद्धा कधी उपाशी गेलं नव्हतं. पोरांच्या परीक्षा असल्या की सांगलीच्या घाटावर जाऊन ती कृष्णेतल्या माशांना कणकेच्या गोळ्या सोडायची. तेच पुण्य इथं घरबसल्या. तिनं कणीक भिजवली, अकरा गोळ्या वळल्या, देवाचं नाव घेऊन सोडल्या. मासे झेपावले, गोळ्या टोचून सोडून दिल्या, पुन्हा झेपावले. तिला वाटलं, खेळतायत. त्या टाकीसमोर ती पहिल्यांदाच तासभर बसली. बरं वाटलं.

सकाळी पाणी ताकासारखं झालं होतं. मासे वर येऊन धापा टाकत होते. दुपारपर्यंत सात गेले. तिनं कणकेचा चिखल गाळणीनं काढला, मेलेले तगरीखाली पुरले, गाळणी दोनदा घासली. मग तासभर लाईट गेली, टाकीतला हवेचा पंप थांबला आणि तिला चक्क हायसं वाटलं.

दुसऱ्या दिवशी लालासाहेब परतले, ते प्रसादाची पिशवी हातात तशीच धरून टाकीसमोर उभे राहिले.

"लाईट गेलती," ती म्हणाली.

"किती येळ?"

"लय येळ."

ते खाली बसले. "दसऱ्यापास्नं इन्व्हर्टरची बॅटरी बदलतो म्हणतोय मी. मीच मारलं मासं."

त्यानंतर चार दिवस त्यांची भाकरी अर्धी उरायची. उरलेल्या दोन माशांपैकी एक दुसऱ्याला दगडाआडून बाहेर येऊ देत नव्हता. "पलटण मोडली की असंच," ते म्हणायचे. "मुक्या जिवांची जबाबदारी घेतली आन् आळस केला." ती आमटीची पळी धरून उभी राहायची. जेवण झालं की सांगू, असं ठरवायची. जेवण होतच नव्हतं.

पाचव्या दिवशी त्यांनी शोभेचे मासे विकणाऱ्या नानासोंना फोन लावला. "नानासो, टाकी घेऊन जावा. दोघं हायत त्येबी न्या. माझी लायकी न्हाई."

संयोगिता पिठाच्या हातानं बाहेर आली. "लाईट तासभरच गेलती. मी कणकेच्या गोळ्या घातल्या. अकरा."

फोन छातीशी दाबून त्यांनी तिच्याकडं पाहिलं. ते ओरडतील म्हणून ती थांबली.

"घाटावर घालतीस तशा?"

"व्हय."

"अगं, ती नदी. तिथलं वाहून जातंय. हितलं कुठं जाणार?" मग ते म्हणाले, "मासं मेलं त्ये मेलं. चार दिस मला माझ्याच तोंडात मारून घ्यायला लावलंस. आन् बघत बसलीस."

'माफ करा' हे शब्द तिच्या ओठापर्यंत आले, पण त्यांनी पाठ फिरवली होती.

"हां नानासो, हाय हाय, फोनवरच हाय. नगा येऊ. चूक माझी न्हवती." आवाज इतका हलका झाला होता, की किती ओझं त्यांनी वाहिलं ते तिला तेव्हा कळलं. पलीकडून नानासोंनी काहीतरी विचारलं. लालासाहेबांनी वळून तिच्याकडं पाहिलं.

"आता कुणाची म्हणून सांगू? चुकून झालं, गड्या."

त्यांनी नाव घेतलं नाही. घेतलं असतं तर मी सुटले असते, असं वाटून ती पिठाचे हात तसेच घेऊन उभी राहिली.