तानुबाईची फडकी

पारमिताला तानुबाई पहिल्यांदा दिसली ती सोनेरी धुक्यात. निपाणीतल्या एका तंबाखूच्या वखारीमागची गल्ली, सकाळचं कोवळं ऊन, आणि हवेत कुणीतरी हळद उधळून गेल्यासारखं काहीतरी तरंगत होतं. त्या तरंगात एक ठेंगणी बाई दोरीवर पांढऱ्या फडक्याचा चौकोन वाळत घालत होती. कोरडाच. आपण अजून झोपेतच आहोत, असं पारमिताला वाटलं. मग घसा खवखवला आणि ओळीनं सात शिंका आल्या.

"खकाणा हाय त्यो," बाई मागं न बघता म्हणाली. "आत तंबाखू चाळत्यात, पंखा भायेर फेकतोय. पदर लाव नाकाला." मग वळून जीन्सकडं बघत हसली. "आगं, तुला कुठला पदर! रुमाल तरी लाव."

पारमिता बेळगावच्या एका दैनिकाची बातमीदार. इथल्या अंगणवाडीतली पोरं सारखी खोकतात, हे ऐकून आलेली. पंखा नेमका अंगणवाडीच्या खिडकीसमोर होता, आणि तानुबाई तिथली मदतनीस. खिचडीवर झाकलेलं फडकं रोज पिवळं पडताना बघून तिनं रोज एक स्वच्छ चौकोन दोरीवर टांगायला सुरुवात केली होती. संध्याकाळी तो उतरवायचा आणि त्या दिवशी जितकी पोरं खोकली तितके लाल टाके कोपऱ्यात घालायचे; कधी बारा, कधी पंधरा. अक्षरओळख जुजबी, पण टाका सरळ.

एकोणतीस चौकोनांचा फोटो छापून आला. वखारवाले म्हणाले, फडकी चहात बुडवलीत. शेवटी प्रदूषण खात्याचे साहेब गुरुवारी येणार असं ठरलं. "मावशी, फडकी जपा," पारमितानं फोनवर बजावलं, "पंखा हलायचा तर तीच आपली साक्ष."

गुरुवारी ती पोचली तेव्हा दोरीवर सगळीच्या सगळी फडकी ओली, पांढरीशुभ्र हलत होती.

"मावशी! हे काय केलंत?"

"धुतली की. निळीत काढली. एवढं मोठं सायेब येणार, आन् मळकी फडकी म्होरं करू व्हय? म्हणतील, तानुबाईला स्वच्छता ठावं न्हाय."

पारमिता पायरीवर बसून राहिली. रागावताही येईना. तिची आजीही पाहुणा येणार म्हटलं की घर असं घासायची, की तिथं कुणी राहतच नाही असं वाटावं.

साहेब तासभर आधीच आले. वखारीत कुणाला त्याचा पत्ता नव्हता. पंखा चालूच होता. "कुंद्री सायेब, बसा," असं आधी कानडीत, मग मराठीत म्हणत तानुबाईनं खुर्ची पुसली, चहा दिला. चहा पिता पिता साहेबांची नजर दोरीवर गेली, आणि तिथंच राहिली. ओल्या कापडावर खकाणा अलगद उतरत होता. आधी कडा पिवळसर झाल्या, मग मधला भाग. एकेक फडकं उजाडत चालल्यासारखं दिसत होतं. आत पोरं गाणं म्हणत होती आणि मधेच एखाद्याला ढास लागून गाणं तुटत होतं.

साहेब उठले. दोरीजवळ जाऊन त्यांनी एका कोपऱ्यावर बोट ठेवलं. "हे लाल काय?"

"खोकल्याचं टाकं. धुऊन जात न्हाईत ती."

त्यांनी ते मोजले. पुढच्या फडक्यावरचे मोजले. सगळी दोरी संपेपर्यंत मोजत गेले, रुमाल नाकाला लावून. मग एक फडकं पिशवीत घालू लागले.

"थांबा वो सायेब," तानुबाई सुई घेऊन धावली. "आजचं घालायचं ऱ्हायल्यात."

त्यानंतर दोन महिन्यांनी पंख्याला पत्र्याचं उंच धुराडं आणि खकाणा अडवायला जाड कापडी पिशवी बसली. अंगणवाडीची खिडकी आता उघडी असते. तानुबाई अजून रोज सकाळी एक फडकं टांगते. कालच्या फडक्यावर दोन टाके होते.