शिशाचा अपघात

मी भूगावच्या एका हॉस्पिटलात रुग्णांच्या आजारांचे कोड संगणकात भरते. घोटावड्याकडे जुन्या बॅटऱ्यांचं शिसं वितळवणारा एक माणूस पोटदुखीने आला होता. रक्तात भरपूर शिसं निघालं. त्याचं उजवं मनगट लुळं पडलेलं. ते तो डाव्या हाताने उचलून माझ्या टेबलावर ठेवायचा.

कोडला विषबाधेचं कारण लागतं. मी विचारलं, "अपघाताने झाली, स्वतः करून घेतली, की दुसऱ्या कुणी केली?"

"अपघात कसला, ताई? रोज कामावर जातोय. मालकाला ठावं हाय. दुसऱ्यानं केली, लिवा."

तसं लिहिलं तर पोलीस येणार. आमचे साहेब फार समंजस, त्यांनी 'अपघात' सुचवला. मी भरला. संगणकानेही तक्रार केली नाही.

मी मान वर करेना, तेव्हा तोच समजुतीने म्हणाला, "असू द्या. तुमाला नोकरी हाय, मलाबी हाय."