जुन्या मापाचे बूट

आमचे बाबा बूट शिवायचे. गिऱ्हाइकाच्या पायाचं माप एकदाच घेऊन त्याचा लाकडी साचा करायचे आणि पुढचे सगळे जोड त्याच साच्यावर. आईचा साचा लग्नाच्या वर्षीचा. पुढे आम्ही तीन भावंडं झालो, आईचे पाय पसरले, पण बायकोचा पाय आपल्याला पाठ आहे असा बाबांचा तोरा. कुणी बूट चावतो म्हटलं, तर त्याच्या हातातून बूट हिसकावून घ्यायचे आणि वर आठ दिवस घरात अबोला. चूक गिऱ्हाइकाची, शिक्षा आम्हाला.

डोंगरापलीकडे गोट्यांचा एक किनारा आहे. गाडी जात नाही, अडीच तासांची पायपीट. आईला तो एकदा बघायचा होता. मी दहावीत असताना बाबांनी तिच्यासाठी जाड तळव्याचे बूट शिवले आणि दोघं निघाली. आई अर्ध्यातूनच परतली. दम लागला म्हणाली. पुढे वीस वर्षं बाबा तिला ‘अर्धी वाट’ म्हणून चिडवत आणि तीही हसायची.

आईला जाऊन चार महिने झाले. बाबांच्या डोळ्यांतून टिपूस आलं नाही. जेवायचे, दुकान उघडायचे, बंद करायचे. मागच्या आठवड्यात कपाट आवरताना ते बूट निघाले. बाबांनी सवयीने आत हात घातला, मग खिडकीशी नेऊन पाहिलं. दोन्ही टाचांपाशी रक्ताचे काळे डाग होते. ते एवढंच म्हणाले, की रविवारी किनाऱ्यावर जाऊ.

वाटभर मीच बडबडत होते, बाबा नुसते चालत होते. किनारा म्हणजे राखाडी गोटे. लाट मागे सरली की खडखडायचे, बस. एवढ्यासाठी आईने जीव टाकला होता, म्हणून मला तिचाच राग आला. काही वाटतंय का, असं मी बाबांना विचारलं.

“काहीच वाटत नाही गं,” ते म्हणाले. जरा वेळाने त्यांनी विचारलं, “तुला ठाऊक होतं?”

“हो. मोजे मीच धुतले. तुम्हाला कळू द्यायचं नाही म्हणाली. आम्हा तिघांनाही ठाऊक होतं.”

“एवढं घाबरायचात मला?”

मला नाही म्हणायचं होतं. तोंडातून ‘हो’ गेलं.

आता तरी रडतील असं वाटलं. नाही रडले. ऊन वाढायच्या आत निघू या म्हणाले आणि पुढे चालू लागले. मीच रडत मागून गेले.