धोंड्याच्या महिन्यात उघडलेला डबा

लग्नाच्या तिथी थांबल्या की आमची यंत्रं उघडतात. जळगाव जामोदला आमचा फोटो स्टुडिओ आहे. शूटिंग नवरा करतो; संपादन आणि संगणक माझ्याकडे. हंगामात सर्व्हर बंद ठेवायची सोय नसते, म्हणून मोठी कामं अधिक महिन्यावर ढकलायची हा आमचा जुना रिवाज. त्या महिन्यात लग्न लागत नाही.

या हिशेबात एक भोक आहे आणि ते दर खेपेला तसंच राहतं. लग्नं नसतात, पण जावई धोंड्याच्या जेवणाला येतात. जावई येणार म्हटलं की वर्षभर अल्बमची आठवण न झालेल्या सासवा स्टुडिओत हजर होतात. म्हणजे आम्ही सर्व्हर उघडून बसतो नेमकं तेव्हाच लोकांना त्यातलं काहीतरी हवं असतं.

सर्व्हर हा शब्द मोठा आहे. वस्तू मिठाईच्या खोक्याएवढी. कुठल्याशा कार्यालयाने काढून टाकलेला छोटा संगणक आम्ही घेतला आणि काउंटरखाली ठेवला. त्याला आम्ही डबा म्हणतो. दुकानातल्या बाकीच्या मशिनी त्याच्यातूनच शूटिंग उचलतात. त्याची दुखणी दोन. रॅम कमी, त्यामुळे एकाच वेळी दोघांनी काही मागितलं की तो गोठायचा. आणि जागा कमी, त्यामुळे डिस्क भरली की सगळ्यांत जुनं कच्चं शूटिंग पुसावं लागायचं. कच्चं म्हणजे कॅमेऱ्यातून आलेलं, न कापलेलं. गिऱ्हाइकाला आम्ही देतो ती गाणी घातलेली, छाटलेली फिल्म. या अधिक महिन्यात मी नवी मोठी डिस्क आणि रॅमच्या दोन पट्ट्या आणून ठेवल्या होत्या.

माझा नियम एकच आहे. माल दोन जागी झाल्याशिवाय डबा उघडायचा नाही. म्हणून नवी डिस्क आधी बाहेरून वायरीने जोडली आणि कॉपी लावून दिली. उन्हाळा जोरात होता. दुकानातला एकुलता टेबलफॅन मी डब्याकडे फिरवून ठेवला होता आणि नवरा घाम पुसत कुरकुरत होता.

"त्या डब्याले हवा आन मी काय लाकडाचा हाओ?"

"तुमाले गरम झालं तर तुमी बाहेर जाऊ शकता. डबा नाई जाऊ शकत."

तेवढ्यात संग्रामपूरकडची एक मावशी आली. भाजीपाल्याची शेती, डोक्यावर पदर, हातात कापडी पिशवी. तिच्या मुलीचं लग्न मागच्या हंगामात आम्हीच शूट केलं होतं. पाणी प्यायली आणि सरळ मुद्द्यावर आली.

"बाई, मले मानपानाचं पाह्यजे. व्याह्याच्या भावाले टोपी घातली ते."

प्रकरण असं होतं. मांडवात वरपक्षाच्या पुरुषांना टोपी-उपरणं घालून मान देतात. जावयाचा काका म्हणत होता, मला टोपी घातलीच नाही. वर्षभर तो गप्प होता. आता धोंड्याचं आमंत्रण गेलं तेव्हा जावयाने निरोप धाडला, आधी काकाचा मान, मग धोंडा. मुलगी तिकडे रडत होती. मावशीच्या घरी अनारशांचं पीठ तयार होतं.

"मी सोताच्या डोयानं पाह्यलं, आमच्या मालकानं टोपी घातली. तुमी देल्ली त्या फिलमीत नाई ते. तुमी कापलं ते."

"मावशी, मानपान दीड तास चाललं होतं. सगळं ठेवलं तर जावई पाहता पाहता म्हातारा होईल."

"मंग तेवढं टोपीचं मोबाइलमंदी टाकून द्या. व्याह्याच्या तोंडावर मारतो."

मी तिला अडचण सांगितली. कच्चं शूटिंग डब्यात आहे, डब्याची कॉपी चालू आहे, आत्ता दुसरं काही मागितलं तर तो गोठेल आणि सगळं पहिल्यापासून. उद्या या.

"उद्या नाई जमत. परवा धोंडा हाय. मी बसतो अथीच."

ती बसली. पिशवीतून भाकर काढून जेवली आणि मलाही कांदा दिला. मधूनमधून पडद्यावरच्या हिरव्या पट्टीकडे बघून विचारायची, "किती सरकलं वं?" एक गोष्ट मी तिला सांगितली नाही. ही डिस्क आणली नसती, तर जागेसाठी पुढचं पुसलं जाणारं लग्न तिच्याच मुलीचं होतं.

दुपार कलल्यावर कॉपी संपली. डबा बंद केला, झाकण काढलं, नवी डिस्क जुनीच्या जागी बसवली, रॅमच्या जुन्या पट्ट्या काढून नव्या दाबल्या आणि बटण दाबलं. पंखा फिरला. पडदा काळाच.

"मेला का?" नवऱ्याने विचारलं.

"तुमी मागं व्हा."

पट्ट्या काढून त्यांच्या कडा खोडरबरने पुसल्या. पुन्हा तेच. एक पट्टी काढून चालवलं तर चालला, तिच्या जागी दुसरी लावली तरी चालला. म्हणजे पट्टीचा दोष नव्हता, दुसऱ्या खाचेचा होता. मोबाइलचा टॉर्च लावून पाहिलं तर खाचेत तांदळाचा दाणा, कुंकवाने लाल झालेला. दसऱ्याला दुकानातल्या यंत्रांची पूजा मीच करते. कॅमेरे, प्रिंटर, डबा, सगळ्यांना हळदकुंकू आणि अक्षता. डब्याच्या झाकणाला हवेसाठी जाळी आहे, हे पूजेच्या वेळी कोणाच्या डोक्यात असतं? जुन्या पट्टीच्या कडेला अडकलेला दाणा ती काढताना खाचेत घसरला होता, म्हणून नवी बसेना. भुवया कोरायच्या चिमट्याने दाणा काढला. मावशीने तो हातात घेतला आणि पदराच्या टोकाला बांधला. अक्षता टाकून देत नाहीत.

यावेळी डबा लगेच उठला. रॅम पूर्ण दिसत होती. मी तिच्या मुलीचं लग्न उघडलं आणि मानपानावर गेले. पूर्वी असं पुढेमागे करताना चित्र अडकत अडकत यायचं. आता बोट नेऊ तिथे थांबत होतं.

मुलीचा बाप ताट घेऊन रांगेने पुढे सरकत होता. व्याही झाले. मामा झाला. पुढच्या खुर्चीवर काका होता.

"हे पाहा! हा हाच!" मावशी खुर्चीतून उठली.

बाप खाली वाकून ताटातली टोपी घेत होता तेवढ्यात काकाचा फोन वाजला. काका उठून बाजूला गेला. उभा असलेला एक जाडसर माणूस त्या रिकाम्या खुर्चीवर टेकला. बापाने मान वर केली, समोरच्याला गंध लावलं, टोपी घातली, उपरणं खांद्यावर टाकलं, हात जोडले. त्यानेही जोडले. बाप पुढे गेला. मागे काका फोन हातात धरून उभा होता. त्याने सगळं पाहिलं होतं. कॅमेऱ्यात चेहरा स्पष्ट होता.

"पुन्हा दाखव," मावशी म्हणाली. मी दाखवलं.

"हा तर त्याहीच्या गाडीचा डायवर व्हय." मग म्हणाली, "तोबी काई बोलला नाई मेला."

नवरा म्हणाला, "बोलन कसा? जन्मात पह्यल्यांदा कोनं मान देल्ला असन त्याले."

मावशी हसली नाही. तिने घरी फोन लावला. "ऐका. टोपी राह्यली. हाव, राह्यली म्हनतो ना. त्याहीचं खरं हाय." पलीकडून बराच आवाज आला. तिने फोन कापला आणि मला चांगली टोपी कुठे मिळेल ते विचारलं. स्टँडसमोरच्या चाचांच्या कापडदुकानाकडे मी बोट दाखवलं.

"मोबाइलमंदी टाकू का?" मी विचारलं.

"नोको. पुसून टाका."

"आजच जागा वाढवली, मावशी. पुसायची गरज नाही."

तिने विचार केला. "मंग ठेवा. पन त्याहीच्यातल्या कोनाले दाखवू नोका. गरिबाची टोपी काढून घेतीन ते." टोपी-उपरणं घेऊन ती घरी गेली नाही, व्याह्याचं गाव नांदुऱ्याकडे होतं, तिकडच्या एसटीत बसली.

धोंडा झाला. चार दिवसांनी ती अल्बम न्यायला आली, मुलगी आणि जावई बरोबर होते. जावयाने अल्बम चाळला, खुशीत होता. मग मला म्हणाला, "ताई, ते कच्चं शूटिंग असन ना तुमच्याकडे? मानपानाचं पाहू द्या जरा. काकाची टोपी नेमकी गेली कुठी?"

मावशी अल्बममधल्या एका फोटोकडे फार बारकाईने बघायला लागली.

"सर्व्हर बंद आहे," मी म्हटलं. "उघडलाय कामासाठी."

काउंटरखाली डबा चालू होता. मी टेबलफॅनचं बटण फिरवून त्याचा वेग वाढवला आणि त्यांच्यासाठी चहा सांगितला.