काकीची लाइट आणि आंब्यावरचं बांडगूळ

आंब्याच्या गर्द हिरव्या पर्णसंभारात एखाद्याच फांदीवर केशरी-तांबूस फुलांचे झुबके दिसले, की परका माणूस हरखतो. आम्ही कोयता शोधतो. ते बांडगूळ. पाखराच्या चिकट विष्ठेतून फांदीवर रुजतं, सालीखाली मुळं घुसवतं आणि आंब्याचाच जीवनरस पिऊन वाऱ्यावर डोलतं. वरचं छाटलं तरी आतलं पुन्हा फुटतं. परजीवी जिण्याला निसर्गाने इतकी मोहक कांती कशासाठी बहाल केली असेल?

हे बांडगूळ थोरल्या काकीच्या आजारात मला पुन्हा आठवलं. दोन हजार सालच्या सुमारास तिला गर्भाशयाच्या मुखाचा कॅन्सर निघाला. काका मुंबईत नोकरीला, म्हणून त्यांच्या खोलीवर राहून ती रेडिएशन, आमच्या भाषेत 'लाइट', घेत होती. सोबतीला मी, घरातली पहिली पदवीधर. हा कॅन्सर बहुधा एका विषाणूमुळे होतो, असं तिथल्या इस्पितळातल्या डॉक्टरबाईंनी मला समजावलं. पेशीत एक पहारेकरी असतो. पेशी बिघडली की तो तिला थांबवतो, वेळ पडल्यास मरायला लावतो. विषाणू वर्षानुवर्षं आत मुक्काम ठोकून त्या पहारेकऱ्यालाच नाहीसा करतो. मग लाइटने घायाळ झालेली पेशीही कधी कधी मरत नाही, आणि काही पेशी मूळ जागा सोडून दूरवर पसरतात. कुठली गाठ विरेल आणि कुठली दाद देणार नाही, हे आधी सांगता येत नाही, असंही त्या म्हणाल्या.

लाइट संपवून आम्ही रत्नागिरीला घरी परतलो. गाठ गेली की नाही, ते पुढच्या तपासणीत कळायचं होतं. मी मात्र पडवीत बसून ऐटीत सांगितलं, की हा रोग विषाणूमुळे होतो. तेवढंच. दुसऱ्या दिवसापासून काकीचं ताट वेगळं धुतलं जाऊ लागलं. वाईट कुणीच बोललं नाही. आमच्याकडे माणसाला दूर करायचं तेही अदबीनेच.

शिमग्यात पालखी घरी आली, की थोरली सून म्हणून देवीची ओटी दरवर्षी काकी भरायची. त्या वर्षी आईने ओटीचं सूप आपल्याकडे घेतलं. काकीला उभं राहून दम लागेल, असं कारण दिलं. काकी आंब्याच्या बागेत वाढलेली. शांतपणे माझ्याकडे वळली.

"आंब्याला बांडगूळ लागतं, म्हणून त्याच्या सावलीत बसणाऱ्याला लागतं काय गो?"

बांडगूळ पाखरं नेतात. माझं अर्धवट वाक्य मीच घरभर नेलं होतं. चूक माझी, असं मी सगळ्यांसमोर कबूल केलं. एका ताटात जेवून, एका तांब्यातलं पिऊन हे कुणाला होत नाही, हेही सांगितलं. आईने सूप काकीच्या हातात दिलं.

ढोल अंगणात शिरला होता. सूप धरून काकीने विचारलं, "मग आता माझं लाइटने जाईल काय?"

पदवीचा अभिमान मला आजही आहे. आमच्या घराने ती कष्टाने मिळवली. पण शिकलेल्याकडे उत्तर असतंच, ही समजूत किती बाळबोध!

"ठाऊक नाही, काकी," मी म्हटलं. पदवी घेतल्यापासून हे शब्द त्या घरात मी पहिल्यांदाच उच्चारत होते.

"बरं," ती म्हणाली, पदर सावरला आणि पालखीपुढे गेली.