ताईच्या लग्नाची सीडी

आज ताईच्या घरी तिच्या कपाटातून तिच्या लग्नाची सीडी निघाली. जुन्या प्लॅस्टिकच्या पाकिटाचा वास आला आणि मी सांगलीच्या घरातल्या त्या संध्याकाळात जाऊन बसलो.

ताईच्या सासरी पाठवायला लग्नाचे फोटो सीडीवर उतरवायचे होते. आत्याचा भरत आमच्या कॉम्प्युटरवर ते करत होता, पण पडद्यावरची हिरवी पट्टी पुढे सरकायलाच तयार नव्हती. वडील, म्हणजे आप्पा, त्याच्या खांद्याला खेटून बसले होते. भरत गुपचूप स्वतःसाठीही फोटो घेतोय आणि गावभर दाखवणार, असं त्यांच्या मनानं घेतलं होतं.

"एवढा वेळ लागतोय म्हंजी कायतरी हाय," ते माझ्या कानात म्हणाले.

आम्ही जैन. दिवस बुडाल्यावर घरात कुणी जेवत नाही. "आवं, उठा की, दिवस चालला!" आई आतून हाका मारत राहिली. आप्पा पहारा सोडेनात, आणि आपले मामा उठल्याशिवाय भरत उठेना. बाहेर अंधार पडला आणि दोघांचंही जेवण राहिलं.

तेवढ्यात भरत म्हणाला, "मामा, व्हायरस शोधायचं कुणी चालू केलंय? त्यानंच सगळं अडलंय."

"चोर पकडायचं हाय न्हवं ते? तू आलास तवाच मी चालू केलंय."

भरतनं ते बंद केलं आणि पट्टी सरसर पळाली. तेव्हा मी तोंड दाबून हसलो होतो. आज वाटतं, तो चोर कोण हे भरतला कळलंच असणार. तरी सीडी आप्पांच्या हातात देत तो एवढंच म्हणाला, "मामा, सकाळी येतो. दोघं मिळून नाष्टा करू."

आप्पांनी दाराला कडी घातली आणि माझ्याकडे वळून विचारलं, "सकाळी परत कशाला येतोय रं ह्यो?"