'मे' की 'नु'

इमाबारीच्या जुन्या बाजारगल्लीत तोमिओ कुसुनोकीला सगळे मंत्रवैद्य म्हणतात. वरून तो नाक मुरडतो, पण आतून त्याला ते फार आवडतं. का नाही आवडणार? बावन्न वर्षांच्या आयुष्यात मिरवावं असं त्याच्याकडे तेवढंच आहे. वीस वर्षं टॉवेलच्या कारखान्यात रंगखात्यात हात निळे करून घेतले, मग कारखाना बंद पडला. बायको कोबेला माहेरी गेली ती तिकडचीच झाली. तेव्हा यानं बंद पडलेल्या एका चहाच्या दुकानाची जागा घेतली आणि जुन्या व्हिडिओ गेमचं दुकान थाटलं. लोक हसले. आता तेच लोक रविवारी दुपारी त्याच्या बाकावर जागा धरून बसतात.

ही वैद्यकी कसली, ते सांगतो. आमच्या लहानपणच्या त्या लांबलचक गेममध्ये, राजा, राक्षस, सात समुद्र आणि शेवटी काळा बुरूज असायचा त्या गेममध्ये, खेळ साठवून ठेवायची सोय नव्हती. टीव्ही बंद करायच्या आधी पडद्यावर चोवीस अक्षरांचा मंत्र यायचा. तो वहीत उतरवायचा आणि दुसऱ्या दिवशी जसाच्या तसा भरायचा, की आपले वीर काल जिथं थांबले होते तिथून चालू लागायचे. एक अक्षर चुकलं की कारभार आटोपला. महिनाभराच्या लढाया, कमावलेल्या तलवारी, सगळं पाण्यात. पडद्यावरचा म्हातारा पुजारी थंडपणे सांगायचा, 'मंत्र चुकला आहे', आणि पोरं भोकाड पसरायची.

चूक व्हायची ती जुळ्या अक्षरांत. 'नु' आणि 'मे' ही आमच्या लिपीतली अशीच दोन भावंडं. 'नु'च्या शेपटीला शेवटी एक बारीक गाठ असते, 'मे'ला ती नसते. बस्स, एवढाच फरक. अंधुक टीव्हीवर तो दिसायचा नाही. आता पन्नाशीला आलेली माणसं माळ्यावरच्या वह्या घेऊन तोमिओकडे येतात. हा चष्मा कपाळावर चढवून वही डोळ्यांशी नेतो, कितवीत होतात, पेन्सिल बोथट होती का, असलं काहीबाही विचारतो आणि तासाभरात मेलेला खेळ उठवून देतो. तो नेहमी सांगतो, "वेडंवाकडं अक्षर मला चालतं. संशय आला की वाट सापडते. सुबक अक्षराची मला भीती वाटते. त्यावर कुणी संशयच घेत नाही." लोकांना वाटतं हे अनुभवाचे बोल. अनुभवाचेच होते, पण कुठल्या अनुभवाचे ते त्याचं त्याला ठाऊक होतं.

मार्चमधल्या त्या रविवारी त्याचा धाकटा भाऊ नोबुहिको दुकानात आला. आईचं वर्षश्राद्ध आदल्या दिवशी झालं होतं आणि नोबुला तीन चाळीसच्या बसनं ओसाकाला परत जायचं होतं. तो तिकडे एका गोदामात खोकी बांधतो. आल्या आल्या त्यानं खिशातून तिकीट काढून वेळ पाहिली, परत ठेवलं, पुन्हा काढून पाहिली.

"दादा, आईच्या शिवणाच्या डब्यात हे सापडलं," असं म्हणून त्यानं पिशवीतून एक वही काढली. "टाकून दिली असेल असं मला वाटलं होतं. तिनं जपून ठेवलेली."

तोमिओनं वही उघडायच्या आधीच ती ओळखली.

दहा वर्षांचा नोबु त्या उन्हाळ्यात 'सात दीपस्तंभ' नावाचा गेम खेळत होता. काळ्या बुरुजाच्या दारापर्यंत पोचला होता. चौदा वर्षांच्या तोमिओची हायस्कूलची प्रवेशपरीक्षा होती म्हणून वडिलांनी त्याला टीव्हीच्या खोलीत पाऊल टाकायची बंदी केली होती. पातळ दरवाजाच्या पलीकडून ते संगीत आणि नोबुचं खिदळणं दिवसभर ऐकू यायचं. एका संध्याकाळी वडील नोबुला घेऊन सार्वजनिक स्नानगृहात गेले. तोमिओ उठला, त्यानं वही उघडली आणि एका 'मे'च्या शेपटीला गाठ मारली. अगदी सावकाश, नोबुच्याच पेन्सिलीनं. भाताच्या शिताएवढी गाठ.

दुसऱ्या दिवशी पुजारी म्हणाला, मंत्र चुकला आहे. नोबुनं दोन दिवस धडपड केली. रोज जुना मंत्र खोडून त्याच पानावर नवा लिहायची त्याची सवय, त्यामुळे मागचंही काही उरलेलं नव्हतं. शंका येईल ती सगळी अक्षरं त्यानं बदलून पाहिली, पण त्या 'नु'कडे बघितलंसुद्धा नाही, इतका तो नीटस होता. वडील म्हणाले, "चोवीस अक्षरं धड उतरवता येत नाहीत, आणि म्हणे जहाजांचे नकाशे काढणार." गेम आतेभावाच्या घरी गेला. नोबुला घरात वेंधळा हे नाव पडलं ते कायमचं. पोरगा खरंच जहाजांची चित्रं सुरेख काढायचा. पुढं आरेखनाच्या शाळेचा अर्ज त्यानं भरला, दहा वेळा तपासला आणि दिलाच नाही. माझ्या हातून चूक होतेच, म्हणाला. एवढ्याशा गाठीनं हे सगळं झालं असं मी म्हणणार नाही. पण तोमिओला मात्र तसंच वाटत आलंय, आणि इतकी वर्षं त्यानं तोंड उघडलेलं नाही. भावाला कळलं तर तो आपलं तोंड पाहणार नाही, ही धास्ती. आई गेल्यावर त्याचं स्वतःचं म्हणावं असं उरलं होतं ते नोबुच.

"लोकांचे उठवतोस, माझाही उठव की," नोबु म्हणाला. "बुरूज एकदा आतून बघायचाय."

बाकावर ओचि बसले होते. निवृत्त बसचालक, दुकानातलं रोजचं गिऱ्हाईक, समोर संत्र्यांच्या सालींचा ढीग. "अरे वा, मास्तरच्या घरचाच पेशंट," ते म्हणाले. "आता कळेल वैद्य खरा की भोंदू." मागची दोघं-तिघं हसली आणि खुर्च्या पुढे ओढून बसली.

तोमिओनं कपाटातून गेम काढला आणि जुन्या लाल-पांढऱ्या यंत्रात बसवला. त्यानं मंत्र जसाच्या तसा भरला, गाठीसकट. मंत्र चुकला आहे.

"हे 'रे' नाही, 'ने' असेल," तो म्हणाला. खोटं बोलत होता. मंत्र चुकला आहे. मग त्यानं 'रु'चा 'रो' केला. मग 'सा'चा 'कि'. प्रत्येक वेळी चोवीस अक्षरं एकेक करून भरायची, प्रत्येक वेळी तोच पुजारी. तोमिओची नजर घड्याळावर. अडीच झाले, पावणेतीन झाले. तीन चाळीसला बस आहे, तोवर कसंबसं रेटलं की सुटलो, असा त्याचा हिशेब. स्वतःची त्याला किळस येत होती, पण बोटं थांबत नव्हती.

"मास्तर, आज चष्मा घरी विसरलात काय?" ओचि म्हणाले. "परवा आलेल्या त्या काकांची वही तर अर्ध्या तासात सोडवली होतीत. तिच्यावर चहा सांडला होता."

"प्रत्येक वही वेगळी असते," तोमिओ वसकन ओरडला.

तीनला नोबुनं तिकीट पुन्हा काढून पाहिलं. "राहू दे दादा. तुझा काय दोष? मीच चुकीचं उतरवलं असणार, दुसरं काय. आई शेवटपर्यंत फोनवर सांगायची, गॅस बंद केलास का बघ, दार ओढलंस का बघ, तू वेंधळा आहेस. मी रोज चारदा दार ओढून बघतो." हे तो हसत बोलला. चिडून बोलला असता तर तोमिओला सोसलं असतं.

त्यानं वही जवळ ओढली. एकविसावं अक्षर. आपण किती निगुतीनं काढली होती ती गाठ. सुटायची वाट अजूनही होती. 'हे मे असेल' असं सहज म्हणायचं, मंत्र उठवायचा, टाळ्या घ्यायच्या, भावाला बसमध्ये बसवायचं. नोबुची चूक नोबुच्याच नावावर राहिली असती. कुणाला कळणार होतं?

त्यानं 'नु'च्या जागी 'मे' भरला आणि बटण दाबलं.

पुजारी काही बोलला नाही. पडदा काळा झाला आणि मग ते संगीत सुरू झालं, पातळ दरवाजाच्या पलीकडून ऐकू यायचं तेच. काळ्या बुरुजाच्या दारात दोन वीर उभे होते. खाली नावं आली, 'नोबु' आणि 'तोमि'.

ओचींनी संत्रं खाली ठेवून टाळ्या वाजवल्या. "मानलं मास्तर," मागून कुणीतरी म्हणालं.

तोमिओला पडद्यावरचं नीट दिसेना. "हा तोमि कोण?" त्यानं विचारलं. विचारायची काही गरज नव्हती.

"कोण म्हणजे? तूच. जखमा बऱ्या करणारा." नोबुचे डोळे पडद्यावरून हलत नव्हते. "तुला खेळायची बंदी होती ना, म्हणून तुला आत घेतलं होतं. बुरुजात जायचं राखून ठेवलं होतं तुझी परीक्षा होईपर्यंत. एकट्यानं काय मजा?" मग तो हसायला लागला, वही हातात घेऊन बोटानं ते अक्षर दाखवत. "आणि घातला काय घोळ, तर 'मे'चा 'नु'. म्हणजे आई बरोबर होती. मी वेंधळा तो वेंधळाच."

"नाही," तोमिओ म्हणाला.

"काय नाही?"

"तू 'मे'च लिहिला होतास. गाठ मी मारली. तू आणि बाबा अंघोळीला गेला होतात तेव्हा. मुद्दाम मारली, नोबु."

ओचि जमिनीकडे बघत बसले. नोबुनं वही डोळ्यांशी नेली आणि ते अक्षर बराच वेळ न्याहाळलं. मग वही मिटून मांडीवर ठेवली. तो ओरडेल, वही तोंडावर फेकेल, उठून जाईल असं तोमिओला वाटलं. तसं झालं असतं तर त्याला हलकं वाटलं असतं. नोबु उठला नाही. तीन चाळीसची बस गेली तरी उठला नाही.

"मला आज सांगितलंस, ठीक आहे," शेवटी तो हळू आवाजात म्हणाला. "आईला का नाही सांगितलंस? दवाखान्यात शेवटच्या दिवशीसुद्धा ती नर्सला सांगत होती, याला औषधांची नावं लिहून द्या, हा चुका करतो. माझा हात धरून सांगत होती. तू पलंगाच्या त्या बाजूला उभा होतास, दादा."

तोमिओ उभा होता खरा. आणि तेव्हाही त्यानं मान डोलावली होती.